डी-लूपची गाठ

१२ नोव्हें.
पोरगी ऋतुजा सांगलीच्या तिरंदाजी केंद्रातून आली. परवा साताऱ्याला निवडीची ट्रायल, पन्नास मीटर. उसाच्या कडेला टार्गेट लावून दोन तास बाण मारले. मी खुर्ची टाकून बसलो. पूर्वी या धनुष्याचा एकेक स्क्रू मीच फिरवायचो. साईट, रेस्ट, केबल, सगळं. फौजेत आर्मरर हवालदार म्हणून अठरा वर्षं रायफली दुरुस्त केल्या, कंपाउंड धनुष्य म्हणजे त्यातलाच प्रकार, चाकं आणि दोऱ्या जास्त एवढंच. आता तिकडच्या सरांनी सगळं नव्यानं लावून दिलंय. साईट बघायला हात पुढं केला तर म्हणाली, "अप्पा, आता तुमी हात लावू नका. सर रागावत्यात."
बरं म्हणालो. लय लागलं मनाला. जेवलो नाही नीट. शालनला सांगितलं, पित्त झालंय.

१३ नोव्हें.
मायलेकी कोरेगावला बाजाराला. धनुष्याची पेटी उघडली. नुसती बघणार होतो. पण हात शिवशिवतात, काय करणार.
डी-लूप, म्हणजे दोरीच्या मधोमध बांधलेली छोटी कडी, जिच्यात रिलीज, म्हणजे हातातला चाप, अडकवून खेचायचं, तिचे दोन तंतू उठलेले. उद्या ओढताना तुटली तर? बदलली. तोच निळा दोरा, तीच गाठ, टोकं जाळून पक्की. इतकी हुबेहूब की मलाच ओळखू येईना. शाबास हवालदार!
तिला सांगितलं नाही. बोलली असती.
नवी गाठ पन्नासेक बाण मारून बसवावी लागते. माहीत होतं मला. वाटलं, पक्कडीनं ओढलीय, पुरे.

१४ नोव्हें.
सातारा. पहिले बारा बाण पिवळ्यात. मग खाली. आठ, आठ, सात. ती साईट हलवतेय, बाण आणखी खाली. पाचव्या फेरीला मला कळलं, गाठ सरकतेय. इथं मिलिमीटरभर वर गेली की तिथं बाण सात सेंटीमीटर खाली.
प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोरीपलीकडं उभा होतो. ओरडायला पाहिजे होतं. ओरडलो नाही.
निवड चार गुणांनी गेली. येताना ती मोटरसायकलवर माझ्या मागं. रहिमतपूर आलं. मग म्हणाली, "हात गेला माझा, अप्पा."
म्हणालो, "हुतं आसं."
काय माणूस आहे मी!

१९ नोव्हें.
परत गेली नाही. सकाळी मारते, दहा बाणांत ठेवून देते. म्हणते, साईटचा ठिपका पिवळ्यावर थांबतच नाही. गाठ कधीच बसलीय, धनुष्यात आता काही खोट नाही. मी करायला गेलो एक आणि झालं…

२२ नोव्हें.
धनुष्य विकायचं म्हणते. गिऱ्हाईकही बघितलंय, कडेगावचा कोणी. फोटो काढत होती पेटीचे. शालन म्हणाली, "आवं, तुमी तरी बोला की तिच्याशी. तुमचं ऐकती ती." माझं!
उद्या सांगतो. मग ती माझ्याशी बोलेल न बोलेल. तिचा हात चांगला आहे हे तिला कळायला पाहिजे.

२३ नोव्हें.
सांगितलं. गोठ्याजवळ.
"कवा?"
"तुमी बाजाराला गेल्ता तवा."
"आन् ट्रायलला कळलं तुमास्नी?"
"व्हय."
"कितव्या फेरीला?"
"पाचव्या."
तेवढंच विचारलं तिनं. भांडली नाही, रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. अकराच्या गाडीनं सांगलीला गेली. पेटी उचलायला वाकलो तर स्वतःच उचलली.

९ डिसें.
फोन आईला येतो. मी असलो की "ठेवते" म्हणते. शालनकडून कळलं, चांगलं मारतेय, सर खूश. धनुष्य विकायचं नाव नाही. आल्याच्या वावरात जाऊन रडून आलो. आनंदाचं की कसलं, मलाच सांगता यायचं नाही.

४ जाने.
सरांचा फोन. मला वाटलं, पुढच्या ट्रायलला नाव गेलं.
"हवालदार, पोरीला समजावा जरा. तिची दोरी उतरवली तर डी-लूप माझ्या खुणेवर न्हाई, नवा बांधलेला, मी इचारलं, तर म्हणती, ट्रायलच्या आदल्या दिवशी मीच बदलला. आसं कोण करतं का? तुमी बाप आर्मरर, एवढं शिकवलं न्हाई? शिस्त म्हणून पुढच्या ट्रायलला तिचं नाव पाठवत न्हाई मी."
"व्हय सर," म्हणालो.  माझी चूक पोरीनं अंगावर घेतली, आणि मी व्हय सर!

५ जाने.
नावं पाठवायची मुदत शनिवारपर्यंत. सकाळी सरांना फोन लावायला बसलो. तेवढ्यात तिचा मेसेज. दीड महिन्यानं.
"सरांना काही सांगू नका."
एवढंच. वर अप्पा नाही, खाली काही नाही. मला सांभाळतेय, की असला बाप चारचौघांत नको झालाय तिला? दहादा वाचला, कळत नाही.
शालनला दाखवला. तिनं डोळे पुसले. म्हणाली, "एवढ्या दिसांनी पोरीनं कायतरी मागितलंय तुमच्याकडं."
मागितलं ते हे, की मी गप्प बसावं. आणि बसलो तर तिची ट्रायल जाते. अजून तीन दिवस आहेत.