गाडीतली रिकामी जागा

नाकुरू, केनिया
दि. १९ ऑगस्ट, मंगळवार

निताच्या बाबाले शीलाचा नमस्कार.

मी इथं सुखरूप आहे. तुमी सगळे खुशाल असान. मायले माझं पाया पडणं सांगा, अन् त्यांच्या गुडघ्याले तेल लावून द्यायचं निताले सांगा. सोयाबीनची फवारणी झाली काय? फवारताना तोंडाले फडकं बांधत जा. मी नाई म्हणून तसेच घुसू नका वावरात. शेळीचे दिवस भरत आले, तिले चरायले सोडू नका. पोळ्याच्या पुरणाची डाळ फळीवरच्या स्टीलच्या डब्यात आहे.

हे मी कागदावर लिहून राह्यली. पानांचे फोटो काढून निताच्या मोबाइलवर टाकते. तिनं ते तुमच्यापुढं अन् मायपुढं मोठ्यानं वाचायचं. तुमाले वाचता येते हे मले ठाऊक आहे, पण तुमी मधले मधले शब्द गाळता. अन् फोन काहून करत नाई म्हणान, तं फोनवर तुमी बोलता अन् मी ऐकते. आज मले बोलायचं आहे.

पह्यले इथली हकीगत.

लय थंडी आहे. केनिया म्हटल्यावर मले वाटलं होतं ऊन भाजून काढन, पण सकाळी तोंडातून वाफ निघते. बाभळी आपल्यासारख्याच, फक्त वरून छत्रीवानी सपाट. चहाले इथं बी चायच म्हणतात अन् चपातीले चपाती. ते ऐकून पह्यल्याच दिवशी मले वाटलं, हा देश काई एवढा दूर नाई.

प्रवासी सगळे आपल्याच इकडचे, अकोला, अमरावती, वाशीमचे. सयपाकाले आमी दोघंच, रामधनभाऊ अन् मी. टूरच्या कागदावर छापलं होतं ना, 'जंगलात वऱ्हाडी जेवण', ते जेवण म्हणजे आमी. रामधनभाऊ निघताना म्हणाले होते, लग्नातल्या सयपाकात अन् परदेशातल्या सयपाकात फरक नाई, फक्त तिथं नवरी-नवरदेव नसतात. खरंच तसं आहे. प्रवाशांले सकाळी अन् सांजीले छत उघडणाऱ्या गाड्यांत जनावरं पाहायले नेतात, दुपारी एखाद्या गावात तिथल्या लोकांची घरं, नाचगाणं दाखवतात. ते परत येतात तवा आमचं गरम ताट तयार पाह्यजे.

कोणाले काय दिसलं हे मले ताटावरून समजते. सिंह पाह्यलेला माणूस दोन भाकरी जास्त खाते. ज्या दिवशी काईच दिसत नाई, त्या दिवशी भाजीत मीठ कमी निघते.

मी सिंह पाह्यला नाई. ऐकला. मसाई मारा नावाच्या जंगलात, कणीक मळता मळता. आधी वाटलं कुठं ट्रक चढावर रेटून राह्यला. कॅम्पच्या सयपाकघरात नासिएकू नावाची, तिथल्या मसाई जमातीची बाई कामाले होती, तिनं हात वर करून सांगतलं, सिंबा. इथं सिंहाले सिंबा म्हणतात. माझे हात पिठात, अन् अंगावर काटा.

या नासिएकूचं सांगायचं आहे. आपल्याकडचे लोक येऊन येऊन तिले मोडकी हिंदी येते. ज्या गावात आमच्या प्रवाशांले नेलं ते तिचंच गाव निघालं. तिचा भाऊ त्या उंच उड्या मारायच्या नाचात होता, तिच्या मायनं आपलं शेणानं लिंपलेलं घर आतून दाखवलं. दुपारी नासिएकू कामावर आली अन् मले म्हणे, "सिस्टर, तेरा सब लोग मेरा घर देखा. तू नहीं आया?"

मी म्हटलं, "काम है."

"काम तो मेरा भी है," ती म्हणे. मंग तिनं माझ्या हातातला कांदा घेतला अन् चिरायले बसली.

मले त्या बाईपुढं लाज वाटली. तिच्या दारापर्यंत जाऊन मी आत गेली नाई, असं काईतरी.

त्याच सांजची गोष्ट. आमच्यात कारंजाच्या मेहरबी चाची आहेत, कापडाच्या दुकानवाल्या. त्यांच्या नवऱ्याचं पोट बिघडलं म्हणून ते तंबूतच राह्यले, अन् गाडीत चाचीच्या बाजूची जागा रिकामी. चाचीनं मले हाक मारली, "चल ना बेटी, जागा खाली जाऊन राह्यली." भाजी झाली होती, कणीक मळून झाकली होती. पोळ्या तं ते आल्यावरच करायच्या असतात. मी हात धुतले अन् जाऊन बसली.

तेवढ्यात टूर मॅनेजर अमरदीप सर आले. पोरगेलाच आहे, बोलायले गोड. म्हणाले, "शीलाताई, उतरा."

"सर, सगळं तयार आहे. आल्यावर गरम पोळ्या करते."

"ते मले माहीत आहे. पण तुमाले सयपाकाले आणलं, जनावरं पाहायले नाई. प्रवाशांच्या गाडीत बसायचं नसते."

मागून एक अमरावतीचे गृहस्थ म्हणाले, "आज सयपाकीण बसली तं उद्या भांडेवाला बी बसन." लोक हसले. सगळे नाई, पण हसले.

मी उतरली. तुमाले शब्द देऊन आली होती, तिथं तोंड उघडणार नाई. नाई उघडलं. जेवणाले पोळ्या केल्या. हसणाऱ्याच्या ताटात बी तूप वाढलं.

दुसऱ्या सकाळी मारातला शेवटचा फेरा होता. मी उठली, आंघोळ केली, निळं पातळ नेसली, अन् शेगडी पेटवली नाई. सरळ जाऊन गाडीत त्याच जागेवर बसली. चाचीचे मालक अजून तंबूतच होते.

रामधनभाऊ धावत आले. "शीला, उतर बाई. तुझ्यापायी माझं बी काम जाईन."

मी म्हटलं, "भाऊ, तुमाले थोडंच बंद करा म्हणून राह्यली? तुमी चहा ठेवा. मी नाई ठेवत." त्याईनं ठेवला. लोक म्हणे, तो चहा कमी अन् कोमट पानी जास्त होतं.

मंग अमरदीप सर. आधी रागावले. मंग गोड झाले. म्हणाले, "ताई, मी तुमाले सिंहाचे सगळे फोटो पाठवतो ना मोबाइलवर."

"फोटोच पाहायचे होते तं हे लोक घरीच राह्यले असते, सर."

अमरावतीवाले गृहस्थ स्वेटर घालून खाली उभे होते. म्हणाले, "आमी पैसे भरले आहेत." चाचीनं गाडीतूनच उत्तर दिलं, "हौ ना, भरले. ये सीट के मैंने भी भरे हैं. मेरे बाजू में कौन बैठेगा ये मैं बोलूँगी. अन् इसको उतारा तो मैं भी उतरती."

इथला ड्रायव्हर हे सगळं पाहून राह्यला होता. त्याले आपली भाषा ढिम्म समजत नाई, पण भांडण कोणत्या गोष्टीचं आहे हे समजायले भाषा लागत नाई. त्यानं दार लावलं, मागं वळून मले म्हणाला, "मामा, होल्ड," अन् गाडी काढली. इथं बाईले मानानं मामा म्हणतात. आपल्याकडे म्हटलं असतं तं भांडण झालं असतं.

काय पाह्यलं ते ऐका. सिंह त्या दिवशी बी दिसला नाई. हत्ती दिसले. आधी एक थोरली हत्तीण गवतातून बाहेर आली अन् आमच्या गाडीपुढं उभी राह्यली. ड्रायव्हरनं इंजन बंद केलं. तिनं कान हलवले, आमच्याकडे पाह्यलं, अन् ठरवलं असन का हे लोक काई कामाचे नाई. मंग तिच्यामागून सगळं खटलं निघालं, मावश्या, पोरी, लेकरं. एक पिल्लू नालीत अडकलं, तं दोघींनी मागून ढकलून वर काढलं. पलीकडे जाऊन सगळे चरायले लागले. सोंडेनं गवत उपटण्याचा आवाज येत होता, करकर, करकर, जसा आपल्या वावरात निंदणाच्या बाया ओळीनं बसल्यावर येते. मी छतातून डोकं बाहेर काढून उभी. जलमात पह्यल्यांदा माझ्यासमोर कोणीतरी जेवून राह्यलं होतं अन् मले काईच वाढायचं नव्हतं.

चाची म्हणे, "रो मत." मी रडत नव्हती. हसत होती.

परत आल्यावर मी शेगडी पेटवली. भरीत, भाकरी, ठेचा. कोणाले उपाशी ठेवलं नाई. अमरावतीवाल्यानं तेवढं माझ्या हातचं खाल्लं नाई, बिस्किटं खाल्ली. खाऊ दे.

आता जे लिहायचं टाळून राह्यली ते लिहिते.

त्या दुपारी अमरदीप सरांनी तुमाले फोन लावला. माझ्याचपुढं, सयपाकघरात, स्पीकरवर. रामधनभाऊ उभे होते, नासिएकू उभी होती. सर म्हणाले, "धनराजभाऊ, तुमच्या मंडळींनी इथं मोठा तमाशा केला, जरा समजावून सांगा." तुमी मले विचारलं नाई, शीला, काय झालं. तुमी म्हणाले, "तिले माफी मागायले लावा. नाई मागत तं सांगा तिले, इकडे यायची गरज नाई. घराचं दार बंद आहे."

फोन मी कापला. तुमाले वाटलं असन रेंज गेली. रेंज होती.

इथं निता वाचता वाचता थांबन. थांबू नको, बाई. तुह्या बापाचे शब्द आहेत, तुले ठाऊक पाह्यजेत. अन् मायले बी.

निताचे बाबा, त्या सरानं मले उतरवलं तवा राग आला, पण नवल नाई वाटलं. ते बोलणं ओळखीचं होतं. कोणाचं, हे हत्ती पाहून परतताना ध्यानात आलं. तुमचं होतं. लग्न झाल्यापासून दर चैत्रात तुमच्या घरचे गाडी करून माहूरले जातात. मी दर खेपेले गेली. अन् दर खेपेले खाली धर्मशाळेत मले सयपाकाले ठेवून सगळे गडावर. "तू एवढं उरक, तुले पुढल्या वर्षी नेऊ." तुमी वरून यायचे, म्हणायचे, लय साजरं दर्शन झालं, ताट वाढ. देवीचं तोंड कसं आहे, हे मले आपल्या देव्हाऱ्यातल्या फोटोवरून ठाऊक आहे. तुळजापूरले तेच, शेगावले तेच.

तुमी मले कधी मारलं नाई. शिवी दिली नाई. शेजारच्या बाया म्हणतात, शीला, तुहा मालक देवमाणूस. मी बी म्हणत आली. फक्त दर वर्षी तुमी मले गाडीतून उतरवलं, अन् मी तेवढं काय म्हणून उतरत गेली. म्हणून फोनवर तुमी सरांची बाजू घेतली त्याचं बी नवल नाई. दोघांचं बोलणं एकच आहे. तो परका होता, म्हणून मले ते पह्यल्यांदा ऐकू आलं.

इथलं कसं मिटलं ते बी सांगते, नाईतर गावात भलतंच पसरन. सरांनी स्वच्छ सांगितलं, पुढल्या श्रीलंकेच्या टूरले मी नाई. नसो. पण राह्यलेल्या दिवसांचा सयपाक त्याईले पाह्यजे होता, अन् एकट्या रामधनभाऊच्यानं तो होत नव्हता. इथं नाकुरूले आल्यावर तळ्यावर जायची वेळ झाली तवा ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मागची सीट आहे." मी बसली. गेंडा पाह्यला. धुळीत लोळून उठलेल्या म्हशीवानी दिसते, पण चाल एखाद्या पाटलाची. आज सकाळी मी रामधनभाऊले म्हटलं, आज पोळ्या मी सांभाळते, तुमी जा. ते नाई नाई म्हणत गेले. आल्यावर सगळ्यांले सांगत सुटले, "मी बिबट्याची शेपटी पाह्यली. झाडावरून लोंबत होती. नुसती शेपटी, पण पाह्यली!" माझ्यापायी काम जाईन म्हणणारा माणूस. जेवायले बसले तरी शेपटीच सांगून राह्यले होते.

शुक्रवारी, पोळ्याच्या दिवशी, मुंबईले उतरतो. शनिवारी अकोल्याहून बस धरून मी आसेगावले येते. अमरदीप सरांची माफी मी मागितली नाई. तुमची बी मागणार नाई. दार बंद असन तं ओट्यावर बसीन. माहेरी जाणार नाई, बहिणीकडे जाणार नाई. त्या घराच्या भिंती मी सारवल्या, ते न्हाणीघर माझ्या पोळ्यांच्या पैशावर बांधलं, ते माझं बी घर आहे. येणारे-जाणारे विचारतीन तं झालं ते सगळं सांगीन, तुमच्या फोनसकट, हत्तीसकट. माझ्याजवळ लाजायसारखं काई नाई. तुमच्याजवळ असन तं दार उघडं ठेवा.

मी तुमाले सोडून राह्यली नाई, हे बी नीट वाचून घ्या. भांडायचं असन तं समोर बसून भांडू. त्या दिवशी सयपाक कोण करन, ते भांडणातच ठरन.

अन् चैत्रात मी माहूरच्या गडावर जाणार. तुमी सोबत असले तं बरं वाटन. नसले तरी जाणार.

निताले अन् मायले जीव लावजा.

माफी न मागता घरी येऊन राह्यली,
तुमची बायको,
शीला