लुपे आत्याच्या गादीखालचे कागद

आदरणीय लुपे आत्या,

व्हावाउ बेटावरून तुझ्या फोलाउचा नमस्कार. तुझ्या पायाशी खाली मांडी घालून बसलोय असं समजूनच लिहितोय. गुडघा कसा आहे? डॉक्टर नको म्हणाले तरी राजधानीतल्या मासळीबाजारात गेलीस, हे इथवर पोचलं. इकडे तुझ्या घरी डुकरं, कोंबड्या आणि मी (याच क्रमाने) खुशाल.

तुझ्या शब्दाखातर चर्चच्या कचेरीत मला घेतलं खरं, पण रविवारी मुलांचा सण. पोरं चर्चमध्ये म्हणणार त्या बायबलमधल्या वचनांचे कागद छापून झाले नाहीत तर सोमवारी मी घरी, आणि गावात नाक कापलं जाणार तुझं. इथे प्रिंटर एकदम चार-चार कागद ओढायचा आणि पोटात चुरगळून बसायचा! झाकण उघडून डोकावलो, तर काय गंमत गं! रबराचा एक चिमुकला रूळ गाईच्या जिभेसारखा वरचा कागद चाटून आत ओढतो. (ते बघत बसलो आणि जेवण राहिलं.) शेवटी कळलं की उघड्या गठ्ठ्यात ओल शिरून कागद एकमेकांना चिकटलेत. उन्हात वाळवले, तर त्यांच्या सुरळ्याच झाल्या. त्या तर तो तोंडातही घेईना.

आमचे हेडक्लार्क सालेसीकाका (तुझ्या लग्नात ज्यांच्यासाठी दोन खुर्च्या जोडल्या होत्या ते) करवादले, "अरे शहाण्या, नव्या चटईची सुरळी व्हायला लागली की तुझी आत्या काय करते?"

"गादीखाली घालून वर झोपते."

"मग माझ्या तोंडाकडे काय बघतोस?"

म्हणून कागद तुझ्या गादीखाली गेले. (आपल्या रिवाजात भाच्याने आत्याच्या अंथरुणाला हात लावायचा नसतो, ठाऊक आहे. हात काकांनी लावला.) मी वर बसून पाहिलं, सुरळ्या ढिम्म. मग काकाच आडवे झाले आणि दुपारभर घोरले. कागद असे सपाट झाले म्हणतेस! फडफडवून सुटे केले, थोडेथोडेच ट्रेमध्ये ठेवले, बाजूच्या पट्ट्या कडेला टेकवल्या आणि सगळी वचनं सरसर बाहेर!

तुझा,
फोलाउ

ता. क. सोमवारच्या बोटीने येऊ नकोस, गुडघ्याला आराम दे. तुझ्या पलंगाच्या मधल्या फळ्या मोडल्यात. सुतार शोधतोय.

आणखी ता. क. पलंगावर कोण झोपलं हे तुला कळलं नाही, तर नोकरी पक्की, असं काका म्हणतात. तेव्हा वरचं वाचलं नाहीस असं समज. पलंग माझ्याच वजनाने मोडला. एरवी मला काडी म्हणतेस, पण आता चारचौघांत जरा जाड म्हणत जा.