वॉशिंग्टनच्या मैदानात दिलेली हाक

शहाड,
रविवार, दि. ८ जून २०२५

चि. रवींद्र यास,

सप्रेम नमस्कार. बापानं मुलाला नमस्कार घालायची रीत नाही, आणि आपल्या घरात पत्राच्या डोक्यावर काय लिहितात ते तुला माहीत आहे. पण हे पत्र तुझ्या स्वयंपाकघरातल्या त्या उंच टेबलावर उघडं पडायचं आणि एखाद्या पाहुण्याची नजर जायची, म्हणून तुझी सोय पाहिली.

इकडे सर्व ठीक. विहाराचे पत्रे एकदाचे बदलून झाले. माझा उजवा गुडघा कुरकुरतो, पण दूध आणायला चालत जातो. मृणाल मानपाड्याहून दर गुरुवारी येते, दोन दिवसांच्या भाज्या करून ठेवते, मला रागावते आणि जाते. तिनं भावाला काही निरोप दिलेला नाही. दर वेळी विचारतो, दर वेळी नाही म्हणते.

फोनवरच बोललो असतो. पण तुझा फोन कायम स्पीकरवर असतो आणि दोन वाक्यं झाली की तू म्हणतोस, "अप्पा, घरात लोक आहेत." इतकी वर्षं तुझ्या घरात लोकच आहेत बाबा. म्हणून लिहायला बसलो.

कृतिकाचं शौनकशी ठरलं, आनंद झाला. मुलगा चांगला आहे. वॉशिंग्टनला गेलो तेव्हा गाडीत माझ्या शेजारी बसून त्यानं चार तास वेफर्स खाल्ले होते आणि दर वेळी आधी मला विचारलं होतं. तेव्हा तो दहाचा होता, आपली कृतिका आठची. त्याची आई उत्तराताई आता तुझी विहीण होणार.

मागच्या रविवारी तू मला जे सांगितलंस त्यावर मी नुसतं "बरं" म्हटलं. तुझे शब्द असे होते: "उत्तरा लग्नात भाषण करणार आहे, आईचा तो किस्सा सांगणार आहे. कृतिकाच्या डोक्यात काहीतरी वेगळंच आहे, ती तुम्हाला फोन करून विचारेल. अप्पा, प्लीज, तुम्ही 'जय हिंद'च सांगा. निदान लग्न होईपर्यंत."

तो किस्सा तुमच्या मंडळातल्या लोकांना पाठ आहे. आज मी तो नीट लिहून काढतो, कारण तू आणि मी, दोघांनीही तो एकदाही पूर्ण खरा सांगितलेला नाही.

तिथला पहिला काळा माणूस राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला तेव्हा इथं विहारात पेढे वाटले होते, आठवतं? आम्ही तुझ्याकडे निघालो तर अख्खी गल्ली सोडायला आली. म्हणाले, शपथविधी बघा, आमच्याही वतीनं बघा. मी कल्याणच्या शिंप्याकडून निळा सूट शिवून घेतला, आत जाकीटसुद्धा. तिकीट-पास काही नसताना तू म्हणालास, "मैदानात उभं राहून बघू, पण नेतोच तुम्हाला." त्या दिवशी तुझा जो अभिमान वाटला तो खोटा नव्हता.

तुझ्या दारावरची पाटी मात्र मी पहिल्याच दिवशी वाचली. आर. कुंडलिक. आपलं गांगुर्डे आडनाव गेलं कुठं, असं विचारलं तर तू म्हणालास, "इकडे लांब नावं जमत नाहीत, म्हणून तुमचं नाव आडनाव केलं." मी खूश झालो रे! शहाडला परतल्यावर सगळ्यांना सांगत फिरलो, पोरानं बापाचं नाव दारावर लावलंय. दिवाणखान्यात तू बुद्धाची मूर्ती ठेवली होतीस. बुद्ध तिकडे कुणाच्याही घरी असतो, शोभेला. आम्ही नेलेला बाबासाहेबांचा फोटो मात्र आमच्या बॅगेतच राहिला. सूनबाई म्हणाली, भिंतीला खिळा मारायची परवानगी नाही. भिंतीवर तीन घड्याळं होती.

निघायच्या दिवशी सुटावर मी बाबासाहेबांचा बिल्ला लावला. तू माझ्यासमोर उभा राहून तो स्वतः काढलास आणि माझ्या खिशात ठेवलास. म्हणालास, "अप्पा, गाडी त्यांच्याबरोबर शेअर केलीये. उगाच विषय नको." त्यावर मोठा गुडघ्यापर्यंतचा कोट घालायचाच होता. बिल्ला कुणाला दिसला असता? पण मी हो म्हटलं. हे पहिलं.

मैदानात चार तास उभे होतो. तुझी आई दोन स्वेटर, लुगडं आणि लुगड्याखाली तुझे जुने बूट घालून उभी. तिच्या शेजारी एक काळी म्हातारी होती. तिनं हात गरम करायच्या पुड्या तुझ्या आईच्या मुठीत कोंबल्या. दोघींना एकमेकींचा शब्द कळत नव्हता, तरी सारख्या बोलत होत्या. माणूस आपल्याला मुंगीएवढासुद्धा दिसत नव्हता, सगळं पडद्यावर. पण त्यानं शपथ घेताना स्वतःचं पूर्ण नाव घेतलं. ज्या मधल्या नावावरून त्याला निवडणूकभर टोचत होते, तेही घेतलं. म्हातारी रडायला लागली.

आणि तुझ्या आईनं हात वर करून हाक दिली. तुझी आई म्हणजे चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत पुढं चालणारी बाई. तिचा आवाज तुला सांगायला नको. तिला वाटलं, एवढी आनंदाची गर्दी आहे, इथं हेच ओरडायचं असतं. "जय भीम!" म्हणाली, आणि थांबली. कारण आपल्यात जय भीमला जय भीम येतो. हे उत्तर कुणी चुकवत नाही, शत्रूसुद्धा.

उत्तर आलं ते एकट्या कृतिकाचं. आजीनं तिला दोन महिन्यांत शिकवलं होतं.

तू आधी मागं वळून उत्तराताईंकडे पाहिलंस, मग माझ्याकडे. तुझी आई दुसऱ्यांदा हात वर करत होती.

आता जे लिहितो ते मी मृणालला वेगळं सांगितलेलं आहे. तिला मी सांगितलं की रवीनं आईच्या तोंडावर हात ठेवला. ती सोळा वर्षं तुझ्याशी बोलत नाही ती यामुळे. तुला वाटतं, तुझ्या पैशावर ती जळते. ती जळत नाही. भावानं भर गर्दीत आईचं तोंड दाबलं, असं तिला तिच्या बापानं सांगितलंय.

तो हात तुझा नव्हता रे. माझा होता. तू फक्त पाहिलंस. बाकीचं मी केलं, न सांगता, हातमोज्यासकट. ती म्हातारी माझ्याकडे बघत राहिली. तिला मराठी येत नव्हती, पण मी काय केलं ते तिला बरोबर कळलं होतं. पुढं सगळा सोहळा संपेपर्यंत तिनं तुझ्या आईचा हात सोडला नाही, आणि माझ्याकडे पुन्हा पाहिलं नाही.

परतताना गाडीत उत्तराताईंनी हसत विचारलं, "काका, काकू मघाशी काय ओरडल्या हो?" साधा प्रश्न होता, त्यांच्या मनात काही नसेलही. तू गाडी चालवत होतास. तुझी मान ताठ झालेली मला मागून दिसली. मी म्हणालो, "काही नाही, जय हिंद म्हणाली." सगळे खो खो हसले. अमेरिकेच्या शपथविधीला जय हिंद! घर येईपर्यंत त्यांनी तिला "जय हिंद काकू" करून छळलं, आणि तू आरशातून माझ्याकडे बघून मान हलवलीस. आभार मानलेस माझे. तुझी आई खिडकीला डोकं लावून बसली होती. एवढंच म्हणाली, "मी काय वंगाळ बोलले व्हते?" गाडीत गाणी लावली होती.

शहाडला आल्यावर विहारात माझं भाषण ठेवलं, 'मी पाहिलेला शपथविधी'. मी निळा सूट घातला, बिल्ला लावला. पूर्ण नाव घेऊन शपथ घेणाऱ्या माणसाबद्दल पाऊण तास बोललो, टाळ्या घेतल्या. तुझी आई बायकांत बसली होती. नावाचा भाग आला तशी उठली आणि चहाच्या पातेल्याकडे गेली. मृणालला मी तुझ्या हाताचं सांगितलं तेव्हाही तुझी आई शेजारीच भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही.

रोज सकाळी विहारातून येऊन ती दारातच "जय भीम" म्हणायची आणि मी पेपरामागून उत्तर द्यायचो. लग्न झाल्यापासून असं होतं. वॉशिंग्टनहून आल्यावर ती दारातून नुसतं "आले" म्हणू लागली. गल्लीतल्या लहान पोराला जय भीम, पोस्टमनला जय भीम, मला "आले". मला हे लक्षात यायला सहा महिने लागले, यावरून मी कसा माणूस आहे ते समज. पुढं पंधरा वर्षं तसंच. मागच्या डिसेंबरात दवाखान्यात सिस्टरला जय भीम म्हणून तिनं डोळे मिटले. मी पलंगाच्या या बाजूला होतो.

बुधवारी कृतिकाचा फोन आला. "आजोबा, आजी जय हिंद नव्हती ना म्हणाली? मला आठवतंय, मी पण ओरडले होते." मी खरं ते सांगितलं. ती मग म्हणाली, "म्हणजे मी उत्तर दिलं. तुम्ही आणि बाबांनी का नाही दिलं?"

मी म्हणालो, "बाळा, गर्दी फार होती."

बघ. चौऱ्याहत्तर वय झालं, बायको गेली, तरी जीभ तिकडेच वळते. म्हणून हे कागदावर लिहिलंय. इथवरच्या पानांची एक झेरॉक्स सोमवारी मृणालला नेऊन दिली आणि एक कृतिकाच्या पत्त्यावर वेगळी टाकली आहे, म्हणजे "अप्पांचं आता वय झालंय" असं म्हणायची सोय तुला राहू नये. मृणालनं वाचून झेरॉक्स घडी घालून पर्समध्ये ठेवली. या गुरुवारी ती आली नाही; हे शेवटचं पान मी शुक्रवारी लिहितोय.

लग्न मोडणार नाही, काळजी करू नकोस, असं मी लिहिणार नाही. मोडेलही. शौनक चांगला मुलगा आहे, पण चांगले तर त्या गाडीत सगळेच होते. त्या दोघांचं काय ते ती दोघं ठरवतील, खरं कळल्यावर. उत्तराताईंना भाषणात किस्सा सांगायचाच असेल तर हा सांगायला सांग. आणि मला तिकीट पाठवू नकोस. आमंत्रण पाठवायचंच झालं तर पाकिटावर माझं पूर्ण नाव घाल.

तुझ्यावर रागावलोय, हे खरं आहे. पण तू जे केलंस ते माझ्याकडे बघून केलंस, आणि मी मान खाली घातली. त्यामुळे तुला शिव्या देताना माझंच नाव मध्ये येतं.

पत्राच्या वर लिहायचं राहिलं होतं ते खाली लिहितो. तुला नव्हे. त्या मैदानात तिनं हाक दिली होती, तिचं उत्तर देणं माझ्याकडे राहून गेलं.

जय भीम, शांता.

तुझा बाप,
कुंडलिक भिवाजी गांगुर्डे