आणखी काय दिसतं?

५ फेब्रुवारी १९९९, शुक्रवार

आज पुन्हा शारजाला, म्युझियममध्ये. तिथली अमेरिकन चित्रं पोचवून, टांगून महिना झाला. आमच्या ट्रान्सपोर्ट कंपनीचं काम खलास. तरी दुबईतल्या रास अल खोरच्या गोडाऊनमधून हनीफचा ट्रक तिकडे निघाला की मी चढून बसतो. आज नुसत्या खुर्च्या होत्या. चालतं! तिथे सृष्टी असते.

जुम्म्याच्या नमाजनंतर ती लोकांना चित्रांपुढे बसवते. अमेरिकन चित्रकला साध्या माणसालाही कळावी म्हणून म्युझियमचा हा कार्यक्रम. नियम एकच — तिनं काही सांगायचं नाही, फक्त विचारायचं. काय दिसतं? या महिन्याचं चित्र न्यूयॉर्कमधल्या गच्चीचं, दोरीवर कपडे वाळतायत. वारा सुटलाय, मी म्हटलं. तिनं माझ्याकडे बघून मान डोलावली. माझंच वाक्य सावकाश परत म्हणाली. "असं कशावरून वाटतं तुला?"

मला असं कोणी विचारलंय कधी? पुण्याचं इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडून आलो तेव्हापासून बाबांचा एकच प्रश्न — पुढे काय? आणि ही माझं एक वाक्य जपून परत देते! प्रेम आहे तिचं. नक्की आहे.

१२ फेब्रुवारी

आज तीन वाक्यं बोललो. तिन्ही परत म्हणाली!!

१९ फेब्रुवारी

आठवडाभर लायब्ररीत बसून त्या चित्रकाराचं सगळं पाठ केलं. जन्म, गाव, गुरू, किती साली काय रंगवलं. आज धडाधडा बोललो. तिनं हात वर करून थांबवलं. "प्लीज, माहिती नको ना. आपण बघतोय."

आज आलेली शाळेची पोरं हसली. कोणासाठी केलं होतं हे सगळं? भिंतीसाठी?

२६ फेब्रुवारी

आज लेबर कॅम्पची बस आली होती. हनीफही खुर्च्या लावून झाल्यावर तिथेच बसला. आयुष्यात चित्र बघितलं नाही या माणसानं. हिंदीत म्हणाला, दोरीवर एका बाईचे आणि एका लहान मुलाचे कपडे आहेत, पुरुषाचा एकही नाही. मर्द परदेशात गेला असणार.

सृष्टीनं मान डोलावली. तीच मान! त्याचं वाक्य सावकाश परत म्हणाली. तोच आवाज. "ऐसा क्यों लगता है आपको?" मग एका नेपाळी वॉचमनलाही तेच. मागे मृणालिनी मॅडम — व्हॉलंटियर पोरींना शिकवतात त्या — कुठल्याशा पाहुण्याला कौतुकानं सांगत होत्या: मान डोलवायची, वाक्य परत म्हणायचं, मग कशावरून ते विचारायचं. ट्रेनिंगच्या पहिल्याच दिवशी शिकवतो आम्ही.

पहिल्याच दिवशी!

मी उठलो. म्हटलं, नाटक आहे हे, पाठ केलेलं, हिला तुमच्यापैकी कोणाशी काही देणंघेणं नाही. आणखीही काहीतरी बोललो. इथे लिहीत नाही. हनीफनं दंडाला धरून बाहेर काढलं.

त्यानं ट्रक सुरू केला. मग म्हणाला, "मेरेको बारह साल में पहली बार किसीने कुछ पूछा, भाई. तूने वो भी बिगाड़ा."

बिगाड़ा तर बिगाड़ा.

२७ फेब्रुवारी

मॅडमचा गोडाऊनला फोन. मी हॉलमध्ये पुन्हा दिसायचं नाही. कोणाला दिसायचंय!

३ मार्च

करामाला, ग्रोसरीच्या दारात सृष्टी. सॉरी म्हणायला आलोय असं वाटलं असेल तिला. मी हिशेबच मागितला — मग माझ्याकडे तसं बघत का होतीस?

भांडेल असं वाटलं होतं. भांडली नाही. "हनीफभाई काय म्हणाले, ते ऐकलंस तरी का? इतके शुक्रवार आलास. मला एकदा तरी विचारलंस, सृष्टी, तुला काय दिसतं?" आणि ब्रेड घेऊन गेली.

मी का विचारायचं? विचारायचं काम तिचं! डोकं फिरलंय नुसतं.

४ मार्च

सृष्टीला फोन केला. विचारलं, तुला काय दिसतं?

तिच्या बाबांची नोकरी जानेवारीतच गेली. महिनाअखेर सगळे नागपूरला, कायमचे. ती जन्मली दुबईत, नागपूर फक्त सुट्टीपुरतं माहीत.

एवढे दिवस कोणाला बोलली का नाहीस, म्हटलं. म्हणाली, तू पहिलाच विचारतोयस.