काकांनी लिहिलेला दुष्काळ

वॉलॉंगॉंग,
३ ऑगस्ट २००८

तीर्थस्वरूप श्रीनिवासकाकांस,
सा. न. वि. वि.

सीडी आणि वही पोचली. आपल्या घरातल्या त्र्यंबक पंतोजींच्या मोडी पत्रांचे फोटो सीडीवर आणि तुम्ही बालबोधीत उतरवलेला मजकूर वहीत. जुन्या गावशाळांवरच्या माझ्या प्रबंधाचं निम्मं काम तुम्हीच केलंत!

इथे ऑस्ट्रेलियातल्या डोंगरांत त्या काळी शाळा हवी असली की दूधवाली कुटुंबं स्वतः झोपडी उभारत आणि मास्तरांना आळीपाळीने घरी ठेवून घेत. आपल्याकडे पंतोजींचा पगार म्हणजे दर घरची पायली पायली ज्वारी. पण इथली शाळा टिकली आणि पंतोजींची १८७७च्या दुष्काळात बंद पडली, कारण गावाकडे द्यायला दाणाच उरला नाही. वहीतलं हे पान मी युनिव्हर्सिटीत सेमिनारला वाचलं, तेव्हा सुपरवायझर बाई हळहळल्या.

नर्सिंग होममधल्या शिफ्ट सांभाळून डिसेंबरात प्रबंध द्यायचाय. आशीर्वाद पाठवा. काकूंचं मेतकूट मात्र कस्टमवाले अडवतील.

तुमची लाडावलेली,
मैथिली


सातारा,
१७ ऑगस्ट २००८

चि. मैथिलीस अनेक आशीर्वाद.

परदेशात आपल्या घरातल्या माणसाचं नाव घेतलं गेलं, ऊर भरून आला. गावच्या शाळेच्या नव्या खोलीला पंतोजींचे थोरले भाऊ, माझे पणजोबा दाजीबा, यांचं नाव देणार आहेत. जानेवारीत समारंभ आहे, पाटी माझ्या हस्ते.

मोडीच्या नादी लागू नकोस. लहानपणी साधा ‘अ’ उलटा काढायचीस, मी सरळ करून घेतला. वहीवर भिस्त ठेव आणि वेळेवर जेवत जा.

तुझा,
श्रीनिवासकाका


वॉलॉंगॉंग,
२१ सप्टेंबर २००८

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

सुट्टीत मेलबर्नला माझ्या मैत्रिणीकडे, चारुताकडे गेले होते. तिचे सासरे सहा महिन्यांसाठी आलेत. तिच्या पॉइंट कुक उपनगरात गाडीवाचून कुठे जाता येत नाही, दिवसभर घरात कंटाळतात. ते मोडी वाचतात असं कळलं, म्हणून फोटो दाखवले. तुमची वाहवा ऐकायची हौसही होती.

वाचता वाचता ते थांबले. पत्रात दुष्काळाचं नावही नाही, काका. पंतोजींनी गावकुसाबाहेरची चार मुलं ओसरीवरून आत घेऊन बसवली. गावाने ज्वारी बंद केली. मास्तर खोटी हजेरी भरतो, असा अर्ज शाळाखात्याच्या डेप्युटीसाहेबांकडे गेला आणि शाळा बंद झाली. पंतोजी भावाला लिहितात, अर्जावर पहिली सही दादा तुझी आहे, बाकीच्यांचं मला वाईट वाटत नाही.

नजरचूक असती तर एखादा शब्द चुकला असता. तुम्ही अख्खा दुष्काळ लिहिलात. फोटो बिनधास्त पाठवलेत, कारण मला ते वाचता येत नाहीत हे तुम्हाला ठाऊक होतं. मला फसवलंत, आणि तेही तुम्ही.

मैथिली


सातारा,
५ ऑक्टोबर २००८

चि. मैथिलीस आशीर्वाद.

घरचे कागद परक्याला दाखवण्याआधी मला विचारायचं होतंस. राग आला, तो आधी लिहून टाकला.

होय, मी लिहिलं. वडिलांनी ते पत्र मला एकदाच वाचून दाखवलं आणि कुणाजवळ बोलायचं नाही म्हणून बजावलं. आता पाटी तयार आहे, निमंत्रणं छापून झाली आहेत. सव्वाशे वर्षांपूर्वीचं उकरून कुणाचं भलं होणार? तुझा प्रबंध चार गोरी माणसं वाचणार. राहू दे दुष्काळ. एवढं काकाचं ऐक.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून,
श्रीनिवासकाका


वॉलॉंगॉंग,
२६ ऑक्टोबर २००८

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

प्रबंधातलं पंतोजींवरचं प्रकरण परत मागून घेतलं. सेमिनारात चुकीचं वाचलं, हे सुपरवायझर बाईंना सांगताना तुमचं नाव घेतलं नाही. मूळ कागद तपासले नाहीत म्हटलं, ते खरंच आहे. मुदत मार्चपर्यंत वाढवून मिळाली. चारी मुलांची नावं पंतोजींच्या पत्रात आहेत, ती आता प्रबंधातही आहेत. दाजीबांची सहीसुद्धा.

चार गोरी माणसं वाचतील म्हणता. त्यांच्याआधी मी वाचते ना, काका? दाजीबांनी गावासाठी भाऊ सोडला. तुम्ही पाटीसाठी मला.

प्रबंध तुम्हाला अर्पण करायचा होता. तसं पान टाइपही केलं होतं, ते काढलं. दुसरं कुणाचं नाव सुचेना, म्हणून कोरंच ठेवलंय.

काकूंना नमस्कार. लोभ तुटत नाही, हाच त्रास आहे.

मैथिली