रंगाऱ्याचा डबा

चिमीच्या आईस,

तुझं पत्र पोचलं. मी ठणठणीत आहे. वजन चार किलोंनी वाढलंय, पँट आता पट्ट्याशिवाय राहते.

टीबीच्या गोळ्या चालू आहेत. दर सोमवारी नर्सबाई आमच्या कामाच्या जागेवर येऊन गोळ्या चालू असलेल्या सगळ्यांना बसवतात आणि बजावतात, "बरं वाटलं की माणूस गोळ्या सोडतो, आणि आजार त्याचीच वाट बघत असतो. सहा महिने म्हणजे सहा महिने." आम्ही माना डोलावतो.

आमच्या खोलीतला, शेजारच्या खाटेवरचा हसरा रंगारीही मान डोलवायचा. तो गेल्या महिन्यात वारला. तुला मुद्दाम कळवलं नव्हतं. सकाळी तोंड धुताना अजून मागे त्याचा खोकला ऐकू येतो. वळून बघतो, तर रिकामी खाट.

आता खरं सांगतो, रागावू नकोस. गोळ्यांनी मळमळायचं, शिवाय बरंही वाटत होतं, म्हणून मी तीन दिवस घेतल्याच नाहीत. लपवायला त्याचा रंगाचा रिकामा डबा उघडला. आत त्याच्या गोळ्या होत्या, दोन महिन्यांच्या, पाकिटं न फोडलेली.

तसाच उठून नर्सबाईंकडे गेलो. आता रोज दवाखान्यात त्यांच्यासमोर घेतो.

चिमीचा खोकला हवेमुळे आहे असं लिहिलंस. किती दिवस झाले, ते लिहिलं नाहीस. तिला उद्याच दवाखान्यात ने आणि माझ्या आजाराचं नाव सांग, लाजू नकोस. सुट्टीत आलो होतो तेव्हा मीही हवेमुळेच खोकत होतो, आणि ती माझ्या छातीवर डोकं ठेवून झोपायची.

तुमच्या पत्राच्या वाटेकडे डोळे लावून,
चिमीचे बाबा