गुडघ्याचा ठराव

८ जानेवारी १९५७
यशोदाचा गुडघा सुजलाय. जिना उतरताना भिंत धरते. माहेरी आलेली शैला म्हणते, बाबा, आईला डॉक्टरकडे न्या. डॉक्टर म्हणजे सुई आणि नाटकं. निर्गुडीचा पाला बांधला की सूज उतरते. गावी कोण डॉक्टरकडे जायचं? आठवड्यात बायको पळायला लागेल.

९ जानेवारी
शिवडीच्या किल्ल्याखालनं झुडूप आणलं, मुळासकट. फूल पांढरं, कळी बोटाला चिकटते. यशोदा म्हणाली, अहो, निर्गुडीचं फूल जांभळं असतं. म्हटलं, तिथल्या खाऱ्या वाऱ्यात माणसाचा रंग उडतो, फुलाचं काय घेऊन बसलीस!

१० जानेवारी
चाळीच्या गॅलरीत सगळ्यांना दाखवलं. मालवणचा दत्ताराम म्हणाला, अप्पानु, ही निगडच. निगड म्हणजे त्यांच्याकडची निर्गुडी. साताऱ्याचा शामराव म्हणाला, न्हाई ओ, दशमुळी. शेजारची राधाबाई म्हणाली, चित्रक हाय, अंगाला लावू नका, फोड येत्यात. जिल्हा तितकी नावं! असा होणार संयुक्त महाराष्ट्र?

११ जानेवारी, संध्याकाळ
समितीची चाळीतली मीटिंग संपताना ठराव टाकला. झुडपाचं नाव निर्गुडी. लोकांना घरी जायची घाई. भराभर हात वर. शामरावचासुद्धा, त्याला आधी चहा पाजलेला. विरोधात एकटी राधाबाई. म्हणते, हात वर केल्यानं पाला बदलतो व्हय? बायकांना मीटिंगमधलं काही कळत नाही. ठराव पास. मूळ-पाला वाटून गुडघ्यावर बांधला.

१२ जानेवारी, सकाळ
आग होते म्हणते. म्हणजे लागू पडतंय. फडकं सोडायचं नाही, दम दिलाय.

दुपार
फडकं सोडलं. कातडी फडक्याबरोबर निघून आली. दत्ताराम म्हणतो, मी निगडीसारखी म्हटलंय, निगड म्हणाक नाय. हात वर करणारा दुसरा एकही माणूस गॅलरीत दिसत नाही. राधाबाई खोबरेल घेऊन आली, सरळ यशोदाकडे गेली. शैलाने टॅक्सी आणली. डॉक्टरने विचारलं, काय लावलंत? म्हटलं, निर्गुडी. सर्वांनी मिळून ठरवलेली.

२७ जानेवारी
शैलाकडे गेलो, खोताच्या वाडीत. दवाखान्यातनं तिने आईला परस्पर तिकडेच नेलेलं. यशोदा ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती. म्हटलं, चल. म्हणाली, इथं जिना नाही. म्हटलं, बरी झालीस की चढशील. म्हणाली, चढेन हो, पण तुमचा नाही. जावई म्हणाला, चहा घेता? नको म्हटलं, साखर फार घालतात.
चार दिवसांत येईल. राग आहे, दुसरं काय.
घरी येऊन भाकरीचं पीठ मळलं. तवा कुठे ठेवते, ते विचारायचं राहिलं.